तुम्ही कोणाची मुलं?

शनिवार, २८ सप्टेंबर

आलो एकदाचे. अर्धं सामान खोक्यात आहे, खिडक्यांना पडदे नाहीत, शेगडी उद्या जोडून मिळेल. तरी ही वही आधी बाहेर काढली. नव्या घरातली पहिली नोंद नीट अक्षरात व्हायला हवी.

ही वसाहत आम्ही डोळे मिटून निवडलेली नाही. नवऱ्याची बदली ठरल्यापासून दोन महिने प्रत्येक सुट्टीला शहराबाहेरच्या वसाहती पालथ्या घालत होतो. मी कागदावर रकाने आखले होते: याच्या कारखान्यापासूनचं अंतर, पाणी, झाडं, शेजार. हा म्हणाला, नवरा निवडतानाही रकाने आखले होतेस का? आखले होते. त्याला सांगितलं नाही.

पहिल्या वसाहतीत घर दाखवणाऱ्या बाईंनी उंबऱ्यातच विचारलं, मुलं किती? नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. दुसरीकडे घसरगुंड्या, पाळणाघर, दारात शाळेची बस, आणि आम्हाला फुकटचा सल्ला, की आता मनावर घ्या. तिसरीकडे सगळे एकेकटे राहणारे. जिन्यात हसून बघितलं तर माणसं दचकायची. मूल हवं का, कधी हवं, हे आमचं आम्ही बघू. पण राहायला माणसांत राहायचं, एवढं माझं पक्कं होतं.

चौथी ही. अठ्ठावन्न घरं, बहुतेक वयस्कर मंडळी. सचिवांनी मुलांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही कोणाची मुलं? मी सांगितलं, आई मी चार वर्षांची असताना गेली, बाबांचं इस्त्रीचं दुकान आहे, त्यांनीच वाढवलं, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. इस्त्रीचं दुकान म्हटलं की लोक सहसा विषय बदलतात. सचिवांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, अजून सांगा ना.

मी रकान्यांचा कागद तिथेच फाडला.

रविवार, ६ ऑक्टोबर

इथे दर रविवारी सकाळी सभागृहात चहा असतो. नव्याने आलेल्या प्रत्येक जोडप्याला एक म्हातारं जोडपं जोडून देतात. आम्हाला शेजारचेच मिळाले: निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, आणि काकू. त्यांना मूलबाळ नाही. रीत अशी की चहा झाल्यावर तरुणांनी आपल्या लहानपणची एक आठवण सांगायची आणि म्हाताऱ्यांनी ऐकायची. बस, इतकंच. सचिव म्हणाले, इथल्या कुणाला मुलं झाली नाहीत, कुणाची दूर गेली ती परतली नाहीत. तुमच्याकडे बालपण आहे, यांच्याकडे वेळ आहे.

मला हे फार आवडलं. माणसं एकमेकांच्या उपयोगी पडतात ती अशीच.

मी युनिफॉर्मची आठवण सांगितली. थंडीत बाबा पहाटे दुकान उघडायचे आणि सगळ्यात आधी माझा युनिफॉर्म इस्त्री करायचे. गरम असतानाच माझ्या डोक्यावरून घालायचे. मी मान बाहेर काढेपर्यंत आत अंधार, ऊब आणि खळीचा वास. मग ते म्हणायचे, पळ, निवायच्या आत शाळा गाठ. मी खरंच पळायची. वर्गात पोचले की पोटाशी थोडीशी ऊब शिल्लक असायची.

काकूंनी दोन्ही हात छातीशी धरले. मग नवऱ्याने आपल्या ताईचं सांगितलं. आईवडील गेल्यावर तिनेच याला मोठं केलं. पाय मोडला होता तेव्हा ती त्याला महिनाभर पाठुंगळी शाळेत न्यायची आणि वाटेत पाढे म्हणवून घ्यायची. चुकला की खाली उतरवायची धमकी. सगळे हसले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

गावातल्या वाचनालयात काम मिळालं. पुस्तकांची कार्डं लिहायची. मास्तरांनी माझं अक्षर पाहून दहापैकी नऊ दिले. एक कशाचा कापलात, विचारलं, तर म्हणाले, सवयीचा.

काकू याला नुसतं बाळ म्हणतात. तोही ओ देतो. रविवारव्यतिरिक्त संध्याकाळीही त्यांच्याकडे जाऊन बसतो.

रविवार, २० ऑक्टोबर

आज पदवीदान समारंभाची आठवण सांगितली. भाड्याने आणलेला काळा गाऊन इतका चुरगळलेला होता की बाबांना बघवेना. त्यांनी दुकानातून इस्त्री आणली, सभागृहामागच्या शिपायाच्या खोलीत टेबल मिळवलं आणि माझा गाऊन ताठ करून दिला. ते बघून मागे मुलींची रांग लागली. अकरा गाऊन झाले. माझं नाव पुकारलं तेव्हा बाबा बाराव्याला इस्त्री करत होते. नंतर म्हणाले, पोरी, ऐकलं मी नाव, पण हात सोडता येईना, दुसऱ्याच्या लेकीचा गाऊन जळला असता.

मास्तर डोळे पुसत होते. मला अभिमान वाटला. बाबांचा आणि थोडा स्वतःचाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

बाबांचा फोन. म्हणाले, थंडी पडली, सकाळी इस्त्री तापवली आणि तुझ्या गरम युनिफॉर्मची आठवण आली. मी विचारलं, कुठला युनिफॉर्म? ते हसले. म्हणाले, पदवी घेतलीस आणि अक्कल तिथेच ठेवून आलीस की काय? मीही हसले.

फोन ठेवल्यावर आठवून पाहिलं. शाळा आठवते, बाई आठवतात. युनिफॉर्म थंडच आठवतो.

मग ही वही चाळली. ६ ऑक्टोबर. अक्षर माझं. वाचनालयातलं पुस्तक वाचावं तसं मी ते वाचलं. छान लिहिलंय. कुणाबद्दल आहे ते कळतं. ऊब लागत नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

मास्तर आज दुसऱ्या टेबलावर सांगत होते. आमची पोर पदवीला उभी राहिली, त्या दिवशी मी अकरा गाऊन इस्त्री केले. समोरचे माना डोलवत होते. मास्तर खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस एवढा सुखी दिसत नाही.

चहाचा कप घेताना त्यांची बाही वर सरकली. मनगटावर तिकोनी डाग. मी विचारलं, हे काय? म्हणाले, इस्त्रीचा चटका. कधी? त्यांनी डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, तुझ्या लहानपणी, बाळ, विसरलीस?

मला बारावा गाऊन आठवत नाही. तो वहीत आहे म्हणून माहीत आहे.

आज डोकं दुखतंय म्हणून मी काही सांगितलं नाही. याने दोन सांगितल्या.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

ताईंचा फोन आला, याच्या. याने नम्रपणे सांगितलं की नंबर चुकलाय. पुन्हा आला. तेव्हा फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, कुणीतरी बाई रडतायत, तू बघ जरा.

मी त्याला समोर बसवलं. पाठुंगळी, पाढे, मोडलेला पाय, सगळं वहीतून वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, तू किती छान लिहितेस. म्हटलं, आपण इथून जाऊ, आजच. तर म्हणाला, कुठे? आईबाबा इथेच तर आहेत. आणि शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

तो सुखात आहे. हेच मला सोसवत नाही. भांडला असता तर ओढून नेलं असतं.

आता कळलं. तिथे सांगितलेलं आपलं राहत नाही. यापुढे एक शब्दही सांगायचा नाही. माझ्याकडे अजून खूप बाबा आहेत.

त्यांना फोन केला, मला न्यायला या. त्यांनी विचारलं, हात उचलला का त्याने? नाही म्हटलं. मग? मला सांगता येईना. ते म्हणाले, बरं, नको सांगूस. हातातले कपडे ज्याचे त्याला देतो, दुकानाला कुलूप लावतो आणि पुढच्या शनिवारी येतो.

रविवार, १० नोव्हेंबर

जायलाच नको होतं.

फक्त एवढं सांगायला गेले होते की आमचं नाव चहाच्या यादीतून काढा. मास्तर तेव्हा गाऊनचंच सांगत होते आणि म्हणाले, माझ्या पोरीचं नाव पुकारलं. माझं डोकं फिरलं. मी उभी राहून म्हटलं, ते तुम्ही नव्हे. ते माझे बाबा. तुम्ही जन्मात इस्त्री धरलेली नाही. माझ्या बाबांना वाचता येत नाही, ते गिऱ्हाइकांची नावं कपड्याच्या रंगावरून लक्षात ठेवतात. माझे बाबा मला वेणी घालायचे ती नेहमी डावीकडे जायची. मला गोवर आला तेव्हा त्यांनी दुकानातल्या टेबलाखाली माझं अंथरूण घातलं आणि वर काम करता करता पायाने मला थोपटत राहिले. आई गेली त्या दिवशी ते—

एकामागून एक. पुरावे द्यावेत तशी. माझं ते माझं आहे हे पटवायला सगळं त्यांच्यासमोर ओतलं. कुणी अडवलं नाही. खुर्च्या पुढे सरकल्या. काकूंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बोलता बोलता एक वाक्य अर्धं राहिलं, आणि पुढचं शोधायला गेले तर मागचंही नव्हतं.

सचिवांनी मला हळूच खुर्ची दिली. म्हणाले, इतकं कुणी एका दिवसात दिलं नव्हतं.

वर लिहिलेलं आत्ताच, घाईघाईने, हातातून निसटायच्या आत लिहिलंय. आई गेली त्या दिवशी त्यांनी काय केलं, ते नाही आलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

वही चार वेळा वाचली. पाठ होतेय. पाठ होणं म्हणजे आठवणं नव्हे.

चेहरा कुठेच लिहिलेला नाही. इतकी पानं, आणि चेहरा लिहावा असं मला एकदाही वाटलं नाही. कोण लिहितं, रोजचा चेहरा.

फोटो होता फोनमध्ये. आहे. एक म्हातारा माणूस. भला दिसतो.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज सकाळी बाबांनी नळ दुरुस्त करून दिला.

मास्तरांनी.

मास्तरांनी. मास्तरांनी. मास्तरांनी.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

त्यांचा फोन, उद्या निघतोय म्हणाले. मी हो म्हटलं. आवाज ओळखीचा वाटावा म्हणून डोळे मिटून ऐकत राहिले. ते म्हणाले, गप्प का गं? मी म्हटलं, काही नाही, बोला तुम्ही—

नंतर खूप रडले. नक्की कशासाठी, ते वहीत बघावं लागलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर, सकाळचे अकरा

आले.

मी फाटकाशी गेले. एक गृहस्थ, हातात कापडी पिशवी, जुना पण कडक इस्त्रीचा सदरा. माझ्याकडे बघत उभे राहिले. आणि मी— मी विचारलं, कोण हवंय आपल्याला?

ते रडले नाहीत. नुसते एकदम म्हातारे झाले. मग म्हणाले, दमलीस गं, वाळलीस किती.

मी खरं ते सांगितलं. तुम्ही मला आठवत नाही, तुम्ही वहीत आहात. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, असू दे. मला आहे ना सगळं लक्षात. दोघांपुरतं मी लक्षात ठेवीन. चल घरी. वाटेत सांगतो, पहिल्यापासून.

वाटेत सांगतो म्हणाले. आणि माझ्या आत काहीतरी हललं, ऊब असावी तसं. पूर्ण सांगितलं तर येईल परत. येईल. थोडं थोडं.

वर येऊन पिशवी भरली आहे. नवरा भिंतीपलीकडे आहे, बोलावलं तर म्हणाला, जाऊन ये. त्याच्यासाठी नंतर परत येईन— ताईंना घेऊन— शपथ.

निघायच्या आधी एकच, चेहरा. या वेळी चेहरा आधी लिहायचा. रुंद कपाळ. डाव्या भुवईत एक पांढरा केस. खालचा ओठ बोलायच्या आधी थोडा

रखवालदार म्हणाला होता, पाहुण्यांना फाटकाशी ताटकळत ठेवत नाहीत, सभागृहात बसवतो. मी बरं म्हटलं. मीच बरं म्हटलं—

खिडकीतून खालचं सभागृह दिसतंय. त्यांच्यापुढे चहा ठेवलाय. खुर्च्या ओढल्यात, सगळे आहेत, काकू अगदी समोर. काहीतरी विचारलं त्यांना. ते हसले. ते सांगतायत— त्यांना ठाऊक नाही, मी बोललेच नव्हते की तिथे— कसं सुचलं नाही मला—

ही खिडकी उघडत नाही, काचेवर हात आपटतेय, बघत नाहीत वर—

जमिनीपासून हात एवढासा वर धरून दाखवतायत. एवढीशी होती. सगळे पुढे झुकलेत. हात तसाच हवेत आहे. आता ते बोलत नाहीत. हाताकडे बघतायत, हा इथे कशाला धरलाय असं— मी खाली जा