दोनदा दाबायचा ब्रेक

मुलुंड, १९८५, शनिवार, दिवेलागण

आज पुन्हा ह्यांची अंधेरीच्या डीलरकडची खेप फुकट. ब्रेकचं किट कंपनीकडूनच आलेलं नाही म्हणे. उन्हाळ्यापासून हेच! आणि बाजारातला माल ब्रेकला लावायला आमचा मेकॅनिक तयार नाही.

तशी गल्लीत गाडी ठीक चालते. पण लांब पल्ल्यावर तापली, त्यात उतार आला की ब्रेक पहिल्यांदा दाबल्यावर थेट खालीच जातो. दुसऱ्यांदा लागतो. हे दोनदाच दाबतात. मला तर अशी सवय झालीय की रिक्षात बसले तरी सिग्नलला माझाही पाय दोनदा दाबला जातो. हसतो आम्ही त्यावर.

हे बाहेर पडल्यावर दुपारी बोरिवलीचे सुधीरभाऊजी आले, बायकोपोरांसकट. आमची गाडी घेऊन चिपळूणला निघालेले. ह्यांनी आधीच कबूल केलं होतं, म्हणून किल्ली दिली. मागचं दार आपटून लावा, हॉर्न अडकतो, सगळं सांगितलं. वाटेत खायला चकल्या दिल्या. गेटपाशी त्यांनी ब्रेक लावला, तो लगेच लागला. "झकास आहे की गाडी, वहिनी!" म्हणाले.

आत्ता हे आले. चपला काढता काढता विचारलं, "सुधीरला दोनदा दाबायचं सांगितलंस ना?"

"मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल."

तेव्हापासून हे दारातच उभे आहेत. एव्हाना गाडी घाटात असेल. कळवायचं तरी कुठे?

लिहितेय, आणि टेबलाखाली माझा पाय जमीन दाबतोय. दोनदा. पुन्हा दोनदा.