थांबायला तयार नसलेला स्वर

ती. ताईस,

धाकट्याचा सलाम, आणि दाजींच्या गुडघ्यांची वेगळी, आदरपूर्वक विचारपूस. (ते जिना चढायला लागले असतील तर पुढे वाच, नसतील तर आधी त्यांना गरम पाण्याची पिशवी दे, पत्र लांब आहे.) मी ठणठणीत आहे. आई रोज माझी काळजी करते, म्हणजे तिचीही प्रकृती उत्तमच म्हणायची.

तुला ठाऊकच आहे, चर्चच्या ऑर्गनवर मी काही आपणहून बसलो नाही. गायकवृंदात माझा आवाज फुटला तेव्हा मास्तर म्हणाले, "याचं तोंड भिंतीकडे करायचं असेल तर याला ऑर्गनवर बसवा." भिंतीकडे तोंड करून उमेदीची सगळी वर्षं गेली, पण खोटं कशाला बोलू, सुखात गेली. किती नवऱ्या माझ्या पाठीमागून आत आल्या, किती तान्ही बाळं माझ्या पाठीमागे रडली. मला दिसतं ते समोर टांगलेल्या आरशाच्या तुकड्यात, तेही उलटं. मधल्या वेळात गीतं रचली. मंडळींनी ती सहन केली. वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची म्होरकी आपली बेकरीवाली. माझं नवं गीत हातात पडलं की ती आधी छताकडे बघते, तिथवर चढायचंय म्हणून.

यंदा वर्धापनदिनासाठी मी मोठी रचना केली. खुद्द बिशपसाहेब यायचे होते. नेमकं त्याच सुमारास पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हा ऑर्गन आता थकला, छोटा कीबोर्ड आणू. तो कोपऱ्यात मावतो आणि हळू वाजतो. (हळू म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.) त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तर रचना सुरू झाली. दुसऱ्याच कडव्यात पायाखालची एक जाड पट्टी दाबली, ती वर येईना. आतली नळी जहाजाच्या भोंग्यासारखी घुमायला लागली. पाय काढला तरी घुमतेच आहे. वाऱ्याचं यंत्र बंद करावं, तर सगळाच ऑर्गन मुका. गायक माझ्याकडे बघताहेत, मी आरशातून त्यांच्याकडे. मग मी काय केलं ते मलाही नंतरच कळलं: सगळी रचना उचलून त्या हट्टी स्वरावर आणून ठेवली आणि सावकाश वाजवत राहिलो. बेकरीवालीला उमगलं. ती खालच्या पट्टीत उतरली, तिच्यामागोमाग सगळे उतरले, आणि तालमीत जे सूर कुणालाच गवसले नव्हते ते अगदी अलगद आले. मंडळींना रुमाल काढताना मी आरशात पहिल्यांदाच पाहिलं (माझ्या रचनेला, सर्दी नसताना). रचना संपली. हात मांडीवर ठेवले. स्वर चालूच. बिशपसाहेबांनी डोळे मिटले, म्हणून सगळ्यांनी मिटले. अखेर पाळकसाहेब चवड्यांवर चालत मागे गेले आणि त्यांनी वाऱ्याच्या यंत्राचं बटण बंद केलं.

"अनंतकाळ म्हणजे काय, ते आज कळलं," बिशपसाहेब म्हणाले.

"मलाही," पाळकसाहेब म्हणाले.

हे वाद्य हलवायचं नाही, नीट दुरुस्त करून घ्यायचं, असं बिशपसाहेबांनी तिथेच बजावलं. कीबोर्डाचं नाव पुन्हा निघालं नाही. दुरुस्तीला एक बाई आल्या, हत्यारांची पिशवी घेऊन नळ्यांमागे शिरल्या आणि धुळीने माखून बाहेर आल्या. चामड्याची झडप सुकली होती. मग त्यांनी ती रचना दोन्ही पट्ट्यांत वाजवायला लावली आणि म्हणाल्या, "ही आता खालच्याच पट्टीत राहू द्या. आधी एवढी उंच कुणासाठी लिहिली होती?" मी चहा विचारला.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. झडप त्याच दुपारी बदलून झाली. बाई मात्र येत राहिल्या. दर वेळी काहीतरी तपासायचं राहून गेलेलं असायचं आणि मीही हरकत घेतली नाही. थोडक्यात, आमचं लग्न ठरलं आहे. नवरदेवाला स्वतःच्या लग्नात वाजवता येत नाही (पाळकसाहेबांना विचारून पाहिलं). मास्तरांच्या हाताखाली आपण दोघं शिकलो, त्यात तू सरस. तेव्हा वाजवायला तू ये.

आणखी एक. ऑर्गनचं काम निघालंय म्हणून उशीर होतो, एवढंच आईला ठाऊक आहे. ती रोज विचारते, अजून काय काय बिघडलंय. तू जरा आधी येऊन तिला खरं ते सांगशील का? मी त्या वेळी चर्चमध्ये असेन.