काकवीचे डोहाळे

९ जानेवारी, पिंपळवंडी

आज परत तेच! ऋषीला इन्शुलिन टोचत होते, तर आत्याबाई पाठीमागून — "पोटात असताना गुऱ्हाळावर बसून काकवी पीत व्हतीस. पोराला साखर लावलीस." शेजारची अंबाबाई दारातच उभी. कान तापले माझे. सासू आहे म्हणून गप्प बसले, नाहीतर...! ह्यांना सांगितलं तर — "म्हातारीचं काय मनावर घेती?"

पण डोहाळे होतेच तसे. वाटीवाटीनं प्यायले मी. नऊ वर्षांचं पोर रोज सुया सोसतंय. खरंच माझ्यामुळं झालं असेल तर?

१२ जानेवारी

नारायणगावच्या कॉलेजात रविवारी व्याख्यान. पुण्याच्या शास्त्रज्ञ बाई, रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करतात. लहान मुलांच्या साखरेवर बोलणार म्हणे. जाणार म्हणजे जाणार!

बाई मूळच्या राजुरीच्या कळल्यावर आत्याबाईही तयार. "माज्या माहेरची पोर, गेणभाऊची नात. मी न्हाई जायाचं तर कुनी जायाचं?" ठेवणीतलं लुगडं बाहेर निघालंय.

रविवार, १५ जानेवारी

वाटलेलं सगळं डोक्यावरून जाईल. पण बाई आपल्यासारखंच बोलल्या. रक्तात राखणीच्या पेशी असतात, त्या रोगाशी लढतात. कधी त्यांची ओळख चुकते. राखणीचा कुत्रा घरच्याच कोकरावर धावून जातो, तशा त्या इन्शुलिन तयार करणाऱ्या आपल्याच पेशी मारतात. का चुकतात? "पुरतं कळलेलं नाही अजून," म्हणाल्या. एवढी शिकलेली बाई सरळ सांगते — आवडलं मला.

शेवटी प्रश्न. मी उठले. "मॅडम, आईनं गरोदरपणी काकवी प्यायली तर होतं का हे?" मागची पोरं फिदीफिदी हसली. बाई हसल्या नाहीत. "नाही. काकवीनं नाही होत. आईचा ह्यात काहीच दोष नाही."

मग सगळ्यांना म्हणाल्या — पोर एकाएकी वाळायला लागलं, सारखं पाणी मागतंय, अंथरूण ओलं करतंय, तर लगेच साखर तपासा. पाणी बंद करू नका.

मी तिथंच रडले. भर सभेत! लाजबिज काही वाटली नाही.

आत्याबाई माहेरच्या पोरीला न भेटताच जीपमध्ये जाऊन बसल्या. मनात म्हटलं, बरी जिरली.

१६ जानेवारी

अबोला. जेवल्याही नाहीत नीट. चुकलं म्हणायला काय जातं हो? लई ताठा!

१८ जानेवारी

ऋषी शाळेत गेल्यावर आत्याबाई चुलीपुढं येऊन बसल्या. ह्यांचा थोरला भाऊ चिमाजी लहानपणी तापानं गेला, एवढंच मला माहीत होतं.

"ताप नव्हता गं," म्हणाल्या. "असाच वाळत गेला. रोज अंथरूण वलं करायचा, म्हनून मी त्याचं पानी बंद केलं. हंड्याकडं गेला की मारायची. जाताना बी पानीच मागत व्हता."