वाटीला वाटी, गुलाबाला गुलाब

आई, माझा फोन भरला. तुला हे विचित्र वाटेल. तुझ्या वेळी फोन म्हणजे साखर कारखान्याच्या ऑफिसातलं ते काळं धूड, त्यात काय भरणार? तू एकदाच त्यावर बोललीस, मामाशी, आणि इतक्या जोरात बोललीस की बाबा म्हणाले, "फोन ठेव खाली, तो तसाही ऐकतोय." आताचा फोन तळहाताएवढा असतो आणि त्याच्या पोटात एक कोठी असते. फोटो, पत्रं, गाणी, माणसांचे आवाज, सगळं त्या कोठीत जाऊन बसतं. माझा फोन जुना, त्याची कोठी लहान, आणि मी इतकी वर्षं तिच्यात नुसती घालतच राहिले. बाहेर काही काढलं नाही. गेल्या आठवड्यात नातीचा फोटो काढायला गेले तर त्यानं पाटीच दाखवली, जागा शिल्लक नाही. पुढचे दोन दिवस तर साधे संदेशही यायचे-जायचे बंद झाले.

एरवी मी चालवून घेतलं असतं. पण शुक्रवारी संध्याकाळी इथे आखातातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात नात बोलणार होती, स्टेजवर, मराठीत, आयुष्यात पहिल्यांदा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. आपण विचारावं, "जेवलीस का गं?" आणि तिनं म्हणावं, "येस आजी, आय एम फुल." अशी ही मुलगी पाच मिनिटं मराठी बोलणार, आणि मी ते माझ्या फोनात टिपणार नाही, असं कसं चालेल? मुलगा म्हणाला, "आई, मी करतो ना शूट. नाहीतर नवा फोन घेऊ तुला, हा आता म्युझियममध्ये दे." मी म्हटलं, नको. त्यानं विषय सोडला, कारण माझं 'नको' कशामुळे आहे हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुझे जावई त्या फोनात आहेत.

ते जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना बोटानं टाइप करायचा कंटाळा. साइटवरून असो, भाजीच्या दुकानातून असो, ते फोन तोंडाशी धरायचे आणि बोलून पाठवून द्यायचे. तो आवाज त्यांच्या नावाखाली तसाच साठून राहिला आहे. मी तो रोज ऐकत नाही. आपल्या कपाटात शालू आहे हे माहीत असलं की तो रोज उघडून बघावा लागत नाही, तसं. पण फोनातलं काही काढायला गेले आणि चुकून त्यांच्यावर बोट पडलं तर? नव्या फोनात सगळं नेताना ते वाटेतच सांडले तर? म्हणून मी महिनोन्‌महिने त्या कोठीला हातच लावला नव्हता.

शुक्रवारी सकाळी सुटी होती. सून चहाचे कप घेऊन माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसली. अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळचं ऊन त्या सोफ्यावरच येतं. ती म्हणाली, "आई, द्या इकडे. आज करूनच टाकू." ती मला आई म्हणते. ती हाक ऐकली की अजूनही क्षणभर वाटतं, तू आतून ओ देशील.

मी फोन दिला, पण हात त्याच्यावरून काढला नाही. ती हसली. "मी काही खात नाही त्याला. आधी फक्त बघू, आत काय आहे ते. काढायचं नंतर." हे मला पटलं. तूही दिवाळीच्या आधी कोठी काढायचीस तेव्हा आधी सगळं अंगणात मांडायचीस आणि मगच ठरवायचीस.

तिनं सेटिंग उघडलं. एक लांब पट्टी दिसली, रंगीबेरंगी, या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली. एका रंगाचे फोटो, एका रंगाचे व्हिडिओ, एका रंगाची अॅपं. फोटोंचा रंगच पट्टीभर सांडलेला. सून म्हणाली, "एवढे कसले फोटो काढलेत तुम्ही?" मी म्हटलं, "मी कुठे काढलेत." तिनं उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. गुलाब, आई. नुसते गुलाब. दव पडलेले गुलाब, वाफाळत्या चहाच्या कपाशेजारचे गुलाब, गणपतीच्या पायाशी गुलाब, आणि प्रत्येकावर शुभ सकाळ. इथे रोज सकाळी प्रत्येक बाई प्रत्येक बाईला असं चित्र पाठवते. गावाकडच्या नणंदा पाठवतात, हळदीकुंकवाचा ग्रुप पाठवतो, पूर्वी इथे राहून परत गेलेल्या बायका पाठवतात.

"हे सेव्ह का करता पण?" सून म्हणाली. "बघायचं आणि सोडून द्यायचं."

"मग परत काय पाठवू?"

"परत म्हणजे?"

"अगं, तिनं गुलाब पाठवला. रिकामी कशी राहू मी? हिचा आलेला तिला पाठवते, तिचा आलेला हिला. साठा नको?"

ती एवढी हसली की कपातला चहा तिच्या ओढणीवर सांडला. "वाटी!" ती म्हणाली. "आई, तुम्ही गुलाबांची वाटी करताय!" तीही आपल्याच मुलखातली, तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

हे तुझंच शिकवणं. कॉलनीतली आपली ती दोन खोल्यांची जागा, मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून दिवसभर जाणाऱ्या-येणाऱ्या वाट्या. पलीकडच्या काकूंनी आंब्याचं लोणचं दिलं होतं. मी वाटी घासली, पुसली आणि नेऊन द्यायला निघाले. तू चुलीपुढून उठून दारात आडवी आलीस. "थांब. रिकामी वाटी घेऊन कुणाच्या दारात जातात का? मागायला आल्यासारखं दिसतं ते." घरात द्यायला काही नव्हतं. तू डबे उघडून बघितलेस आणि शेवटी वाटीत दोन चमचे साखर घातलीस. मी म्हटलं, "आई, साखर कारखान्याच्या कॉलनीत साखर?" तू म्हणालीस, "साखर का असेना, वाटी भरली ना?" ती साखर मग काकूंकडून पुढच्या घरी गेली असणार, तिथून आणखी पुढे. कॉलनीला वळसा घालून ती आपल्याच घरी परत येत असेल असं मला तेव्हाही वाटायचं. आता माझा पाठवलेला गुलाब आठ दिवसांनी नणंदेकडून मलाच येतो, तेव्हा खात्री पटते.

आणि त्या वाट्यांनीच मला वाचायला लावलं, हे तुला मी कधी बोलले नाही. शाळा चौथीत सुटली. अक्षरं येत होती, पण त्यांचं करायचं काय? तू म्हणायचीस, ही वाटी कुणाची बघ, आणि मी ती उलटी करून ठोक्याठोक्यांनी कोरलेलं नाव जुळवत बसायचे. एकेका बाईचं नाव, खाली तिच्या नवऱ्याचं, कुठे सप्रेम भेट. भांडी संपली तेव्हा पुड्यांचे कागद वाचले, आणि मग मिळेल ते. आज माझ्या उशाशी पुस्तकांची चळत आहे. सुरुवात उलट्या वाटीपासून.

तर आम्ही गुलाब काढायला बसलो. एकच गुलाब किती वेळा साठला होता म्हणून सांगू! सून एकेक रांग धरायची आणि मला विचारायची, "काढू?" मी म्हणायचे, "काढ." सुरुवातीला जीव चुरचुरला. कुणीतरी प्रेमानं दिलेलं आपण टाकतोय. नंतर मजा यायला लागली. मीच बोट फिरवायला लागले. "यल्ला, पुढचे," मी इथल्या अरबांसारखी घाई करत म्हटलं, तशी ती म्हणाली, "आता कशी हौस आलीय बघा." मग एका भजनाचा व्हिडिओ निघाला, तोच पाच जणींनी पाठवलेला, आणि प्रत्येकीचा वेगळा साठलेला. पट्टी मात्र तशीच भरलेली दिसत होती. सून म्हणाली, काढलेलं सगळं आधी कचऱ्याच्या डब्यात जातं आणि तिथे महिनाभर बसून राहतं, डबा वेगळा रिकामा करावा लागतो. तुझ्या माळ्यासारखंच म्हणायचं. तिथे टाकलेलं घरातून गेलेलं नसायचंच.

मग ती म्हणाली, "आता कुणाच्या संदेशांनी किती जागा घेतलीय ते बघू." एक यादी आली. सगळ्यात वर हळदीकुंकवाचा ग्रुप. त्याखाली नणंदा. त्याखाली सोसायटी, भजनी मंडळ, मुलगा, भाऊ. मी ह्यांचं नाव शोधत होते. नव्हतं. ती यादी वर सरकवत राहिली, नावांवर नावं गेली, दूधवाला गेला, टेलर गेला, आणि ह्यांचं नाव येईना. मला वाटलं, गुलाबांबरोबर गेले. मघाशी हौसेहौसेनं मीच बोट फिरवत होते. सून यादी सरकवत राहिली, हळूहळू.

सगळ्यात खाली होते, आई. शेवटचं नाव. सून म्हणाली, "आई, ही यादी जागेप्रमाणे असते. ज्याला जास्त जागा, तो वर." मग तिनं आकडा बघितला आणि मला दाखवला. त्यांचं इतक्या वर्षांचं सगळं बोलणं मिळून त्या एका भजनापेक्षाही कमी जागेत बसलं होतं. एवढा बडबड्या माणूस! तुझ्याशी पहिल्या भेटीत दोन तास बोलला होता आणि तू नंतर म्हणाली होतीस, "जावई चांगला आहे, पण दम घेत नाही." त्याला जागा लागली चिमूटभर.

सुनेनं फोन वायरीनं लॅपटॉपला जोडला आणि सगळा आवाज तिथे उतरवून घेतला. "आता दोन्हीकडे आहेत. ऐकून खात्री करा," असं म्हणून तिनं मधलाच एक लावला. लॅपटॉपचा आवाज मोठा होता. हॉलभर ते बोलले, "ऐक, कोथिंबीर नाहीये इथे. पुदिना आणू का? लवकर सांग, मागे लोक उभे आहेत. खलास." प्रत्येक निरोपाच्या शेवटी त्यांचं ते खलास असायचंच, इथे राहून लागलेली सवय. नात तिच्या खोलीतून धावत आली. "आजोबा?" ती दारातच उभी राहिली. सुनेनं तिला मांडीवर ओढलं आणि दुसरा लावला. "गुलाब मिळाला तुझा. बाई, मी इथे बाजूच्या खोलीत बसलोय. गुलाब कसला पाठवतेस, चहा पाठव. खलास." आम्ही तिघी इतक्या हसलो की मुलगा अंघोळ अर्धवट टाकून बघायला आला, डोक्याला साबण तसाच. मग तोही ऐकत उभा राहिला. साबण पुसायचं राहून गेलं, म्हणून डोळे लाल झाले असतील त्याचे. मी विचारलं नाही.

पट्टी आता अर्धी रिकामी झाली होती. गुलाब आपोआप साठणार नाहीत असंही काहीतरी सुनेनं करून ठेवलं. एवढ्यात बेल वाजली. दारात माझी मैत्रीण, अल मुंतझा भागात राहणारी, मूळची मालवणची. उन्हानं लाल झालेली, हातात फडक्यात बांधलेली वाटी.

"काय गो, बरी आसस मां?" ती आत यायच्या आधीच म्हणाली. "दोन दिवस तुझो गुलाब नाय. माका वाटला, काय झाला कोण जाणे. फोन लावतंय तर लागत नाय."

"फोन भरला होता माझा."

"तुझो फोन भरलो आणि माजो जीव अर्धो झालो! घे. काळ्या वाटाण्याची उसळ. गरम आसा."

सून आत पळाली, हसायला. मैत्रीण जेवायच्या वेळेपर्यंत बसली. किती दिवसांनी आम्ही समोरासमोर बसलो होतो! रोज सकाळी एकमेकींना गुलाब पोचत होता, त्यामुळे भेट झाली असंच दोघींना वाटायचं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, हे मला त्या दिवशी कळलं. तिची सून गरोदर आहे, हेही.

संध्याकाळी नात स्टेजवर गेली. विषय तिनंच निवडला होता, माझी आजी. 'ळ' तिला अजून जमत नाही, पण थांबली नाही. "माझी आजी खूप वाचते. माझी आजी सकाली सगल्यांना फुलं पाठवते. आज आम्ही तिची सगली फुलं डिलीट केली, पण ती रागावली नाही." सगळा हॉल हसला. मी ते पहिल्या शब्दापासून टाळ्यांपर्यंत टिपलं. फोन एकदाही कुरकुरला नाही. घरी येऊन मोजून बघितलं, तिच्या त्या पाच मिनिटांनी आजोबांच्या कितीतरी पट जागा घेतली. घेऊ दे. त्यांनीच केली असती तिला जागा.

हे सगळं तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिलं. जायचं कुठे नाही ते. पुस्तकात घालून ठेवीन. पण एक तुला सांगितलंच पाहिजे. मैत्रिणीची ती वाटी अजून माझ्याकडे आहे. तिच्या सासूचं नाव आहे तिच्यावर, मी उलटी करून वाचलं. तुझ्या शिस्तीप्रमाणे ती एव्हाना भरून परत जायला हवी होती. पण मी पाठवत नाही. मैत्रीण वाटी न्यायला दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा चहा झाला, गप्पा झाल्या, आणि वाटी न्यायची राहिली. आपणच विसरलो असं तिला वाटतं. ती यायच्या आधी मी वाटी मोठ्या पातेल्यामागे सरकवून ठेवते.