चिठ्ठीतला प्रश्न

रविवार, संध्याकाळ. गिरीज.

आज चर्चमधल्या लग्नाआधीच्या शिबिरात माती खाल्ली. नाव न घालता प्रश्न विचारा, असं फादर म्हणाले, म्हणून चिठ्ठीत लिहिलं, "माणसाला शरीराची भूक एवढी जबरदस्त का? जनावरांना निदान ऋतू तरी असतो." सगळा हॉल हसला. शिबिरात बोलायला आलेल्या डॉक्टरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "मूल वाढायला वर्षं लागतात. तोवर दोघांनी एकमेकांना धरून राहावं, म्हणून असेल," म्हणाल्या. असेल? म्हणजे त्यांनाही नक्की ठाऊक नाही!

बाहेर येताच मेलिसा, माझी होणारी बायको, म्हणाली, "चिठ्ठी तुझीच ना? भूक भागली की मलाही सोडशील, कॉलेज सोडलंस तसं?"

डोकं फिरलं. "हो, सोडेन!" सगळ्यांसमोर ओरडलो. ती रिक्षात बसून निघून गेली.

पुढच्या रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सात, आमच्या लग्नाची पहिली घोषणा आहे; कोणाची हरकत आहे का, असं फादर सगळ्यांना विचारणार. तिनंच नको म्हटलं तर?

भूक आहे, खोटं कशाला बोलू? तिचा हात लागला तरी मानेपर्यंत चटका बसतो. पण दुसऱ्या कोणाचा लागला तर काहीच का होत नाही? चिठ्ठीत खरं तर हे विचारायला हवं होतं.

फोन उचलत नाहीये. बाईक काढतो. दार तिच्या पप्पांनी उघडलं तरी माफी मागणार, त्यांच्यासमोरच.