बंद ठरवलेल्या बिबडे कारखान्यात माणसे असल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
लघु व मध्यम उद्योग डिजिटल दरी मोजणी कक्ष,
जळगाव.

विषय : पाचोरा येथील चालू कारखान्याची 'बंद' ही नोंद रद्द करून गाळा न काढून घेणेबाबत.
संदर्भ : दारावर चिकटवलेली आपली नोटीस (फाडलेली नाही).

महोदय,

अर्जदार मंदाबाई पाचोऱ्याच्या सरकारी गाळ्यात पाच बायांसह ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, करते.

१. कोणत्या लहान उद्योगापर्यंत इंटरनेट पोचले नाही, याची मोजणी आपल्या कक्षाने इंटरनेटवरच केली. अर्जदाराच्या बटणांच्या फोनवर लिंक आली, पण उघडली नाही. म्हणून अर्जदार एसटीने जळगावला येऊन उत्तरे कागदावर घेऊन उभी राहिली. कागद मोजणीत बसत नाही, असे लिपिक बन्सीलालभाऊंनी सांगितले. त्यांचा दोष नाही, त्यांनी बसायला खुर्ची दिली.

२. ज्यांनी उत्तरे दिली त्या सर्वांकडे इंटरनेट निघाले. त्यावरून पाचोऱ्यात दरीच नाही असे ठरले, आणि उत्तर न देणारे कारखाने बंद धरले गेले. बंद कारखान्याचा गाळा सरकारजमा होतो, म्हणून सोमवारी कुलूप लागणार आहे.

३. निरीक्षकसाहेब पंचनाम्याला आले तेव्हा भट्टीवर बिबड्यांच्या पिठाचा घाटा रटरटत होता. धुराने साहेबांना ठसका लागला, अर्जदाराने पाणी दिले. तरी त्यांनी 'कामकाज आढळले नाही' असे लिहून, घाटा हाटणाऱ्या भिकुबाईंचीच पंच म्हणून सही मागितली. भिकुबाईंनी हात पुसून विचारले, "साहेब, भट्टी पेटेल शे, बठ्ठ्या बाया आठे शेतस, मंग बंद काय शे?" भट्टी पेटलेली आहे, सगळ्या बाया इथेच आहेत, ही हरकत असल्यास लिंकवर नोंदवा, असे साहेब म्हणाले. हातच्या कांकणालाही आरसा लागतो, हे अर्जदारास त्या दिवशी कळले. साहेब गेल्यावर अर्जदारास रडू आले, तेही नमूद करते.

ऐन उन्हाळा, हंगाम हाच. सहा घरांच्या चुली या एका भट्टीवर पेटतात. गाळा गेला तर दुसरीकडे कोणी उभे करणार नाही. तरी पाचोऱ्याची दरी शून्याऐवजी एक अशी दुरुस्त करावी. ती एक अर्जदार होय. मागासलेली म्हणवून घेण्यास अर्जदाराची हरकत नाही, फक्त मेलेली म्हणू नये.

तेही न जमल्यास, सोमवारी कुलूप घालण्यापूर्वी आपल्या माणसाने एकदा आत हाक मारावी. आम्ही सहाजणी आतच बसणार आहोत. उत्तर तोंडी येईल, ते ग्राह्य धरावे.

आपली नम्र व अद्याप हयात,
मंदाबाई तायडे
पाचोरा, दि. २५ एप्रिल

सोबत : आज केलेले बिबडे. ओले आहेत, फाईलमध्ये दाबू नयेत.