टेपमधली गोरी मुलगी

आबा, काल भडगावला एका लग्नाचं शूटिंग करून आले आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडण तिथंच आहे, आपल्या भुसावळच्या स्वयंपाकघरात, जिथं तुम्ही धुळ्याकडच्या स्थळाला पाठवायला माझी टेप काढली होती.

लग्नांच्या शूटिंगसाठी घेतलेला तुमचा तो नवा डिजिटल कॅमेरा. घरात तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल तुम्ही माझ्याशी नीट बोलायचे. "याला माणूस कळत नाही, फक्त उजेड कळतो," म्हणायचे. समोरचा सगळा उजेड तो स्वतःच मोजतो आणि चित्र फार उजळ नाही, फार काळं नाही, असं मध्यावर आणून ठेवतो. मागं चुन्याची भिंत असली की डोळा बारीक करतो आणि पुढच्या माणसाचं तोंड काळवंडतं. त्या दिवशी मी ओट्याशी उभी आहे, अंगावर आईची हिरवी साडी, हातात चहाचा ट्रे. तुम्ही एकदा बघता, तोंड वाकडं करता, ऑटो बंद करता आणि लेन्सची झडप हाताने उघडत जाता. खिडकी पांढरीफटक होते, साडीची नक्षी पुसून जाते. "हां, आता बरी दिसते." छोट्या पडद्यावर कोणी परकी गोरी मुलगी ट्रे घेऊन उभी असते.

"ही मी नाही, आबा."

"तुला कोण विचारतंय? त्यांना एकदा घरी येऊ तर दे."

ते आले. मुलाची आई दिवाणावर बसली, माझ्याकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे. आणखी कुणी बाहेर येईल म्हणून वाट बघत राहिली. "टेपमा दिसनी ती पोर कोठे शे?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणाले, "उन्हात फार हिंडते. सांगून ऐकत नाही." पोहे तसेच टाकून ते उठले. दार लावल्यावर तुम्ही माझ्यावरच खेकसले, "खिडकीजवळ बसली असती तर काय झालं असतं?"

ते लोक परके होते, त्यांचं मी कधीच सोडून दिलं. पण काळ्या चेहऱ्याला त्याच्याच रंगात कसं आणायचं, हे तुम्हाला येत होतं. गिऱ्हाइकांच्या घरची उन्हानं रापलेली म्हातारी माणसं तुम्ही काय सुरेख टिपायचे! सुरकुती न् सुरकुती दिसायची. ते कसब पोटच्या पोरीसाठी का नाही वापरलं? नकार त्यांनी नंतर दिला, आबा. आधी तुम्ही दिला होता.

कालची नवरी सावळी होती. शेजारी नवरदेव पांढऱ्या शेरवानीत, त्यामुळे ऑटोवर तिचा चेहरा अंधारात जात होता. तिची आई कानाशी येऊन म्हणाली, "ताई, पोरीला जरा गोरी येऊ द्या." मी ऑटो काढलं, तिच्या चेहऱ्यापुरता उजेड लावला, तिचा रंग तिचाच राहील एवढाच, आणि तिथंच थांबले. शेरवानीवरची नक्षी थोडी उडाली, उडू दिली. जेवणाच्या पंगतीआधी नवरीनं पडद्यावर बघितलं.

"मी अशी दिसते?"

"अशीच."

"पुन्हा लावा ना."

तिची आई मात्र रागावली. दुसरा कोणी शूटिंगवाला बघायला हवा होता, म्हणाली. मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला घेतली. बोलायचं होतं ते तुमच्याशी.

हे पाठवायला तुमचा पत्ता असता, तरी मी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही म्हणाले असते, तुझ्या भल्यासाठीच केलं. ते मला ऐकायचं नाही. एक मात्र सांगते. घरी येणाऱ्यांना मी म्हणते, आबांचा एकही फोटो नाही माझ्याकडे. आहे. भर दुपारच्या उन्हातला, रंग जसाच्या तसा आलेला. अगदी माझाच रंग. तो भिंतीवर लावायला माझा हात अजून धजत नाही.